चौथी पायरी

रॉबर्ट एझ्रा पार्क शिकागो विद्यापीठात शिकवायला लागले ते १९१४ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. हुद्दा व्याख्यात्याचा, पगार नाममात्र. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला आणखी नऊ वर्षे गेली, तोवर साठी जवळ आली होती. इतर विद्वानांची कारकीर्द जिथे उतरणीला लागते तिथे त्यांची सुरू झाली. तरीही स्थलांतर, वंश आणि परक्या समाजात मिसळून जाणे या विषयांवर विसाव्या शतकात अमेरिकेत जे लिहिले गेले, त्यातले फार थोडे पार्क यांना टाळून लिहिता आले. कोणी त्यांचे बोट धरून पुढे गेले, कोणी त्यांच्याशी भांडत.

पन्नाशीपर्यंत त्यांनी जे केले त्यातच त्यांच्या समाजशास्त्राची मुळे आहेत. जन्म १८६४ चा, पेनसिल्व्हेनियातला. बालपण मिसिसिपी नदीकाठच्या रेड विंग या गावात. वडील किराणा मालाचे व्यापारी. आजूबाजूला नॉर्वे-स्वीडनहून आलेली कुटुंबे, त्यांच्या भाषा, त्यांची चर्चे. म्हणजे ‘स्थलांतरित’ हा प्राणी पार्क यांना पुस्तकात भेटण्याआधी शेजारी भेटला होता. मिशिगन विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकून ते बाहेर पडले आणि अकरा वर्षे बातमीदारी केली: मिनियापोलिस, डेट्रॉइट, डेन्व्हर, न्यूयॉर्क, शिकागो. पोलीस ठाणी, न्यायालये, जुगाराचे आणि अफूचे अड्डे हे त्यांचे रोजचे फिरतीचे रस्ते. जगभरच्या शहरांतून आपल्याइतकी पायपीट केलेला दुसरा जिवंत माणूस सापडणार नाही, असे ते पुढे सांगत. त्यांचे लेखन वाचल्यावर तो दावा खोटा वाटत नाही.

मग ते पुन्हा विद्यार्थी झाले. हार्वर्डला विल्यम जेम्स, बर्लिनला गेऑर्ग झिमेल. झिमेल यांची व्याख्याने हेच पार्क यांचे समाजशास्त्राचे एकमेव रीतसर शिक्षण. शहरात येऊन राहिलेला परका माणूस एकाच वेळी जवळचा आणि लांबचा कसा असतो, यावर विचार करणारे ते गुरू होते. गर्दी आणि जनमत यांवरचा पार्क यांचा जर्मन प्रबंध १९०४ साली छापला गेला. अमेरिकेत परतल्यावर विद्यापीठीय जगाचा मात्र त्यांना कंटाळा आला. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा काँगोत रबरासाठी जे अत्याचार करत होता, त्यांविरुद्धच्या चळवळीचे ते चिटणीस झाले. त्याच कामातून त्यांची गाठ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी पडली.

वॉशिंग्टन गुलामगिरीत जन्मलेले. अलाबामातल्या टस्कीगी येथे त्यांनी १८८१ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांसाठी हातकामाचे शिक्षण देणारी संस्था उभारली होती. पार्क १९०५ मध्ये तिथे गेले आणि सुमारे सात वर्षे राहिले. पत्नी आणि चार मुले उत्तरेत मॅसॅच्युसेट्समध्ये. पार्क दक्षिणेत, वॉशिंग्टन यांच्या नावाने निघणारे लेख आणि पुस्तके पडद्याआडून लिहीत. त्या काळचा एक गोरा, जर्मनीत डॉक्टरेट घेतलेला विद्वान एका कृष्णवर्णीय माणसाच्या हाताखाली नोकरी करतो, याचे मोल आज वाचताना चटकन लक्षात येत नाही. माणसाच्या स्वभावाबद्दल आणि समाजाबद्दल आपण टस्कीगीत जेवढे शिकलो तेवढे आधीच्या सगळ्या शिक्षणात शिकलो नाही, असे पार्क यांनी पुढे नोंदवले.

१९१० मध्ये दोघे युरोपच्या दौऱ्यावर निघाले. राजवाडे आणि संग्रहालये पाहायची नाहीत, समाजाच्या तळाशी असलेला माणूस शोधायचा, हे आधीच ठरले होते. लंडनची गरीब वस्ती, बोहेमिया आणि पोलंडमधले शेतकरी, सिसिलीतल्या गंधकाच्या खाणी. त्या खाणींत लहान मुले पाठीवर गंधकाचे ओझे घेऊन अंधाऱ्या वाटांनी वर चढत. मुलांच्या बापांनी खाणकामगारांकडून आगाऊ रक्कम घेतलेली असे आणि ती फिटेपर्यंत पोर बांधलेले. हीच माणसे जहाजे भरभरून अमेरिकेत उतरत होती. अलाबामातला कापूस वेचणारा आणि सिसिलीतून न्यूयॉर्कला आलेला हमाल, या दोघांना एकाच चौकटीत ठेवून पाहण्याची सवय पार्क यांना या प्रवासात लागली. पुढे त्यांनी जे मांडले त्याचे बळ या सवयीत आहे, आणि त्यातली मोठी चूकही तिच्यातच आहे.

१९१२ मध्ये टस्कीगीला भरलेल्या एका परिषदेला शिकागोचे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. आय. थॉमस आले. तेव्हा ते पोलंडहून आलेल्या शेतकऱ्यांवर काम करत होते. शिकागोच्या गल्लीतून जाताना वरून कोणीतरी कचरा फेकला, त्यात एका पोलिश मुलीने लिहिलेले पत्र सापडले आणि पत्रांवरून स्थलांतरितांचे आयुष्य वाचता येईल हे थॉमस यांना सुचले, अशी कथा समाजशास्त्राच्या वर्गांत सांगितली जाते. फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांच्यासह त्यांनी लिहिलेला पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाला. थॉमस यांनीच पार्क यांना शिकागोला ओढून नेले.

त्या काळच्या शिकागोला स्थलांतराची प्रयोगशाळा म्हणावे अशीच स्थिती होती. १९१० मध्ये वस्ती जवळजवळ २२ लाख, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक परदेशात जन्मलेला. पोलिश, ज्यू, इटालियन, चेक, लिथुआनियन अशा वस्त्या एकमेकींना खेटून. पार्क विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून उठवून या वस्त्यांत पाठवत. हॉटेलच्या दिवाणखान्यात बसा, गरिबांच्या खाणावळीत बसा, नाचघरात जा, बोला, लिहून आणा. त्यातून भटक्या मजुरांवर, तरुणांच्या टोळ्यांवर, ज्यू वस्तीवर एकामागून एक पुस्तके निघाली. बातमीदाराची वही समाजशास्त्रात आली ती अशी. विद्यार्थ्यांच्या अपुऱ्या प्रबंधांवर ते तासन्‌तास खर्च करत. स्वतःचे मोठे पुस्तक लिहायचे मात्र राहूनच गेले.

स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांवर मात्र त्यांनी एक पुस्तक लिहिले, १९२२ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ परकीय भाषांविषयी संशयाने भारलेला होता. जर्मन वृत्तपत्रांवर तर देशद्रोहाचा शिक्का बसला होता. पार्क यांनी उलटे दाखवले. माणूस आपल्या भाषेत वर्तमानपत्र वाचतो तेव्हा तो जुन्या गावाकडे तोंड करून बसलेला नसतो. नव्या देशात भाडे कसे ठरते, संपात काय झाले, मुलीने मनाने लग्न ठरवले तर काय करावे, हे त्याला त्याच्या भाषेतून कळते. न्यूयॉर्कच्या यिडिश दैनिकात अब्राहम काहान वाचकांच्या पत्रांतून हेच करत होते. अनेकांनी तर मायदेशात कधी वर्तमानपत्र हातात धरले नव्हते. ती सवय अमेरिकेत लागली. हे निरीक्षण आजही ताजे आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची नियतकालिके, ‘एकता’सारखी त्रैमासिके चाळली तर तीच सरमिसळ दिसते: एका पानावर गणेशोत्सव, पुढच्या पानावर तिथे वाढणाऱ्या मुलांचे प्रश्न.

१९२१ मध्ये सहकारी अर्नेस्ट बर्जेस यांच्याबरोबर पार्क यांनी हजार पानांवरचे पाठ्यपुस्तक काढले. त्याच्या हिरव्या पुठ्ठ्यावरून विद्यार्थी त्याला ‘हिरवे बायबल’ म्हणत. माणसांचे गट एकमेकांच्या वाटेत आले की काय होते, याच्या चार पायऱ्या त्यात सापडतात: स्पर्धा, संघर्ष, समायोजन आणि सात्मीकरण. आधी कामासाठी आणि घरासाठी चढाओढ, मग उघड भांडण, मग एकमेकांना सोसण्याची काहीतरी तडजोड, आणि शेवटी आठवणी व इतिहास एक होऊन वेगळेपणाची धार बोथट होणे. पुढे ‘वंशसंबंधांचे चक्र’ या नावाने ही कल्पना गाजली. पोलिश आणि इटालियन लोकांच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरली. दोन पिढ्यांत त्यांची भाषा गेली, वस्त्या विरल्या, लग्ने बाहेर होऊ लागली.

पण शिकागोतच दुसरे काही घडत होते. दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे निघाली होती. शहरातली त्यांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख ९ हजारांवर गेली. तेही स्थलांतरितच, तेही गिरण्यांत आणि कत्तलखान्यांत राबायला आलेले. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारा युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दगडफेकीत बुडून मेला आणि दंगल पेटली. ३८ माणसे मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय होती. पाचशेहून अधिक जखमी झाली, हजारभर कुटुंबे बेघर झाली. पार्क यांचे विद्यार्थी चार्ल्स जॉन्सन यांनी या दंगलीच्या चौकशीचे मुख्य काम केले आणि १९२२ चा अहवाल शहरी वंशद्वेषाच्या अभ्यासातला एक पायाभूत दस्तऐवज झाला. घर, नोकरी, शाळा, वर्तमानपत्रांची भाषा, सगळ्याची झडती त्यात आहे. संघर्षाची पायरी दिसली खरी. तिच्यापुढे वर जायची वाट कुठे आहे, हे त्या अहवालातून दिसत नव्हते.

पॅसिफिक किनाऱ्यावर हा प्रश्न आणखी टोकदार झाला. १९२३ च्या सुमारास तिथल्या आशियाई स्थलांतरितांची मोठी पाहणी सुरू झाली आणि संशोधनाची सूत्रे पार्क यांच्याकडे आली. कॅलिफोर्नियापासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत चिनी, जपानी आणि भारतीय लोकांच्या आयुष्यकथा गोळा होऊ लागल्या. वातावरण विखारी होते. चिनी मजुरांना १८८२ पासून बंदी होती. जपान्यांना कॅलिफोर्नियात जमीन विकत घेता येत नव्हती, आणि १९२४ च्या कायद्याने त्यांना देशाचे दारच बंद झाले. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाचे नागरिकत्व नाकारले, तेही तो पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता हे माहीत असताना. निकालातला युक्तिवाद समाजशास्त्राचाच होता: युरोपियनांची मुले लवकरच जनसमूहात मिसळून ओळखू येईनाशी होतात, भारतीयांच्या मुलांवरची वंशाची खूण मात्र राहणार. थिंडची बाजू मांडणारे सखाराम गणेश पंडित यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही नंतर सरकारने खटला भरला. तो मात्र त्यांनी १९२६ मध्ये जिंकला.

‘सर्व्हे ग्राफिक’ मासिकाच्या मे १९२६ च्या अंकात पार्क यांचे दोन लेख आहेत. पार्क यांना समजून घ्यायचे तर ते दोन्ही एका बैठकीत वाचावेत. एकात ते सांगतात की वंशसंबंधांचे चक्र पुढेच जाते, मागे फिरत नाही. व्हिसा, जकात, बंदी यांनी त्याचा वेग मंदावेल एवढेच. दुसऱ्यात ते एका जपानी वंशाच्या तरुणीशी झालेले बोलणे सांगतात. ती जन्माने अमेरिकन, अमेरिकन कुटुंबात वाढलेली, जपानी लोकांशी तिचा जवळजवळ संबंध नाही. तिच्या उच्चारात, हावभावात कुठेतरी जपान डोकावेल म्हणून पार्क वाट पाहत राहिले. काही डोकावले नाही. तरी जपानी वेष घेतलेल्या अमेरिकन बाईचे बोलणे आपण ऐकतो आहोत, ही भावना त्यांना झटकता आली नाही.

हे लिहिण्याला धैर्य लागते. ती मुलगी चौथ्या पायरीवर उभी होती, तिच्याकडून काही करायचे राहिले नव्हते. अडले होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात, आणि तो पाहणारा त्या विषयातला देशातला सर्वांत जाणता माणूस होता. चेहरा हा गणवेश झाला आहे, तो उतरवता येत नाही, असे पार्क लिहीत आले होते. ते स्वतःच्या मनात घडताना त्यांनी पकडले आणि छापायला दिले.

यातूनच १९२८ चा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध लेख आला: दोन संस्कृतींच्या काठावर जगणाऱ्या माणसाविषयी. दोन्हीकडचा, म्हणून कुठलाच नाही. अस्वस्थ, पण त्यामुळेच जास्त डोळस. एव्हरेट स्टोनक्विस्ट या विद्यार्थ्याने १९३७ मध्ये त्यावर पुस्तक केले आणि त्यात भारतातल्या अँग्लो-इंडियनांनाही जागा दिली. पण प्रत्येक स्थलांतरिताला मिसळायचेच असते हे गृहीत पुढे शिकागोतल्याच पॉल स्यू यांनी खोडले. ते स्वतः चिनी धोब्यांच्या जगात वावरलेले. वर्षानुवर्षे इस्त्री करणारा हा माणूस मनाने गावीच असतो, कमावून परत जायचे म्हणून थांबलेला असतो, हे त्यांनी दाखवले.

१९३७ मध्ये हवाईवरच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना पार्क यांनी आपली शिडी बदलली. आता शेवट एक नव्हता, तीन होते: पूर्ण मिसळून जाणे, कायमचे अल्पसंख्य राहणे, किंवा भारतासारखी जातिव्यवस्था. सत्तरी उलटलेल्या अभ्यासकाने आपल्या सर्वांत गाजलेल्या मांडणीत असा बदल करावा, हे विद्येच्या जगात रोज घडत नाही.

जातीचा उल्लेख आला की मराठी वाचकाचे कान टवकारणे साहजिक आहे. पार्क टस्कीगीत होते त्याच वर्षांत कॉर्नेल विद्यापीठात श्रीधर व्यंकटेश केतकर जातिसंस्थेच्या इतिहासावर काम करत होते. पहिला खंड १९०९ मध्ये आला. पार्क शिकागोत स्थिरावत असताना, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर यांनी जातींच्या उगमावरचा निबंध वाचला आणि जातीचे मर्म बेटीबंदीत आहे हे ठामपणे मांडले. ही कसोटी घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडे पाहिले तर तिथे रोटीबंदीही होती आणि कायद्याने घातलेली बेटीबंदीही, जी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मोडली. ‘कास्ट’ हा शब्द वापरणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांवर ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये कडाडून टीका केली. त्रिनिदादमध्ये जन्मलेले, शिकागोतच शिकलेले कॉक्स म्हणाले की वंशभेदाचे मूळ मजुरांच्या पिळवणुकीत आहे, त्याला जात म्हणणे म्हणजे ते झाकणे. हा वाद अजून मिटलेला नाही. केतकर-आंबेडकर वाचलेल्या वाचकाला त्यात बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पार्क यांच्यावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून त्यांचा गौरव करणे बरोबर नाही. प्रत्येक वंशाचा एक स्वभाव असतो असे त्यांनी लिहिले आणि कृष्णवर्णीयांची तुलना स्त्रीशी केली: भावुक, कलावंत, कर्तृत्वापेक्षा अभिव्यक्तीत रमणारे. टस्कीगीत शिकलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांना ते वाक्य इतके लागले की त्यांनी त्याची जाहीर चिरफाड केली. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नर मिर्दाल यांनी १९४४ मध्ये बोट ठेवले ते नियतिवादावर: सगळे आपोआप होणार असेल तर सरकारने आणि नागरिकांनी करायचे काय? आणि कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्युबॉइस. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर फिरून केलेला त्यांचा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, पार्क समाजशास्त्र शिकवू लागण्याच्या कितीतरी आधी. वॉशिंग्टन यांचे ते विरोधक. शिकागोने त्यांना बाजूलाच ठेवले. अल्डन मॉरिस यांनी २०१५ च्या पुस्तकात हा हिशेब मांडला आहे आणि तो मान्य करावा लागतो.

तरी एक बाजू उरते. वंशभेदाच्या त्या काळात पार्क यांच्या हाताखाली चार्ल्स जॉन्सन आणि ई. फ्रँकलिन फ्रेझिअर घडले. फ्रेझिअर पुढे अमेरिकन समाजशास्त्र संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले, जॉन्सन फिस्क विद्यापीठाचे. निवृत्तीनंतर पार्क हवाई, चीन, भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील असे हिंडले आणि १९३६ पासून नॅशव्हिलला, कृष्णवर्णीयांच्या फिस्क विद्यापीठात, आपल्याच विद्यार्थ्याच्या विभागात येऊन राहिले. ७ फेब्रुवारी १९४४ रोजी, ऐंशी पुरी व्हायला आठवडा असताना, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. फिस्कमधल्या एका इमारतीला पार्क आणि जॉन्सन या दोघांचे जोडनाव आहे.

ते गेले तेव्हा पॅसिफिक किनाऱ्यावरून उठवलेल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांपैकी बहुतेक अजून छावण्यांत होते. त्यातले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्या तरुणीसारखेच इंग्रजी बोलणारे. त्यांना तिथे कोंडले ते १९४२ च्या एका सरकारी आदेशाने.

पार्क यांची शिडी अपुरी पडली ती इथे. वर चढणाऱ्यांची पावले त्यांनी बारकाईने मोजली, पायऱ्या काढून घेणाऱ्या किंवा बसवणाऱ्या कायद्याला मात्र दुय्यम मानले. भारतीयांना अमेरिकन नागरिक होण्याचा हक्क जुलै १९४६ मध्ये संसदेच्या कायद्याने मिळाला, आणि तोही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाची मर्यादा घालून. जपान्यांना तो हक्क १९५२ मध्ये मिळाला. देशवार कोटे मोडणारा कायदा १९६५ चा. आज अमेरिकेत असलेली बहुतेक मराठी कुटुंबे त्यानंतर गेलेली आहेत.